अहवालाचं दुसरं पान

ताईने इंजिनाला कान लावला की बाकीच्यांनी तोंड मिटायचं, हा नियम तिच्या थोरल्या भावानेच घातलेला. वडिलांच्या मागे दोघांनी गॅरेज सांभाळलं होतं. तो जुन्या आलिशान गाड्या विकायचा, ती त्या तपासायची.

एका लांबलचक करड्या गाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन तिने दोन दिवस तपासलं आणि दोन पानं लिहिली. पहिल्यावर गुण: इतकं मऊ चालतं की चालू आहे का, हे हात लावून बघावं लागतं, ताकद म्हणाल तर मागाल तेवढी. दुसऱ्यावर दोष: सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये उष्णता कोंडते, तिथले पेट्रोलचे रबरी पाइप तडकलेत, रेडिएटर अर्धा तुंबलाय. हे बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. दोन्ही पानांवर तिने सही केली.

महिन्याभराने, ती गाडी विकत घेतलेले दंतवैद्य दारात उभे. चढावर बोनेटखालून ज्वाळा निघाल्या होत्या. बायकोचा हात भाजला होता.

"तुमची सही बघून घेतली हो गाडी." त्यांचा आवाज चढला नाही, तेच तिला जास्त लागलं.

"पण दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं..."

"कुठलं दुसरं पान?"

त्यांनी कागद पुढे केला. कोपऱ्यात तिने 'पान १, एकूण २' लिहिलं होतं. त्यातलं 'एकूण २' पांढऱ्या शाईने बेमालूम झाकलेलं.

ती तडक भावाच्या खोलीत गेली. "दादा, हे तू केलंस?"

"अगं, गिऱ्हाइकाला गाडी हवी असते, रडगाणं नको असतं. गुण काय खोटे लिहिलेस का तू?"

"नाही."

"मग झालं तर!"

आणि तो हसला. पान गहाळ झालं म्हणाला असता, तरी तिने गिळलं असतं.

ती बाहेर आली. "पान होतं, डॉक्टर. माझ्या भावाने काढून घेतलं. लागेल तिथे मी हे लिहून देईन." भाऊ दारात येऊन ऐकत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

त्याच दुपारी तिने अकरा वर्षांच्या अहवालांच्या नकला टेबलावर काढल्या, प्रत्येक दोन पानांची, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

"मी गॅरेजमधून बोलतेय. जरा बघून सांगता का, तुमच्याकडे माझी पानं किती आहेत?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"एकच आहे की. का हो?"