बधिर असल्यास वापरू नये

मी एक जुना शेकायचा दिवा आहे. खोक्यावर माझं नाव 'इन्फ्रारेड लॅम्प' असं छापलं होतं. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या ज्या घरात मी तेरा वर्षं आहे, तिथे मात्र मला सगळे नुसतं 'लाल दिवा' म्हणतात. लाल दिवा म्हटलं की तुम्हाला साहेबांच्या गाड्या आठवत असतील. त्या दिव्यांवर बंदी आली. माझ्यावर कधी आली नाही. यायला हवी होती का, ते पुढचं ऐकून तुम्हीच ठरवा.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला एकदा लावून पाहिलं, "लागतो," म्हणाली आणि बंद केलं. माझ्या बालपणाविषयी यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. मला पत्र्याची टोपी आहे, वाकवता येणारी मान आहे, खाली जड पाय आहे. कातडी नाही. त्यामुळे मी ऊब देतो, पण ती समोरच्याला किती लागली हे मला समजत नाही. ते समोरच्यानेच सांगायचं असतं.

मी या घरात आलो तो अभिमन आबांच्या कमरेसाठी. ज्या गावात मे महिन्यात लोखंडी कडीला हात लावता येत नाही, तिथे कुणी शेकायचा दिवा विकत आणतं, याचं मला पहिली दोन वर्षं नवल वाटत होतं. आबांचा माझ्याबद्दल एकच नियम होता. "चटका लागना का एक वीत मांगे." म्हणजे मला पुढे पुढे ओढत यायचं आणि चटका बसला की वीतभर मागे सारायचं. आबांची कमर दुखरी होती, पण शुद्धीवर होती. चटका बसायचा, आबा मला ढकलायचे, दोघांचं बरं चाललं होतं. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते माझी ओळख करून द्यायचे. "या दिवानं माले उभं करं," असं म्हणत ते कमरेवर हात ठेवून वाकडेच उभे राहायचे.

आबा गेल्यावर मी माळ्यावर गेलो. तिथे गवताच्या जाळ्या झडलेला एक कूलर होता. तोही काही बोलत नसे. सहा वर्षं गेली. ती कशी गेली हे सांगता येणार नाही, कारण काही वाटतच नव्हतं.

खाली काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. आबांच्या सूनबाई दिपमालाअक्का. त्यांच्या हातचे मांडे साऱ्या कॉलनीत नावाजलेले. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत, सुपाएवढा करायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. "अक्काच्या हाताला चटका म्हणून बसत नाही," असं बायका कौतुकाने म्हणत. मग अक्कांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, त्यात उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. भेटायला येणारे विचारायचे, "कसं वाटतं आता?" अक्का म्हणायच्या, "माले काही वाटत नही." लोक जिना उतरताना एकमेकांना सांगायचे, काय धीराची बाई आहे.

वर्षभराने त्यांचा उजवा हात सुजायला लागला. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. ब्लाउजची एक बाही उसवून सैल केली. हात जड झाला, कोपरात पुरता वाकेना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर आली होती. आखाजीला लेक पुनम धुळ्याहून, देवपूरच्या सासरहून, माहेरी यायची, आणि आईच्या हातचा मांडा खाल्ला नाही तर आखाजी झाली असं या घरात कुणी धरत नसे. अक्कांनी बाकी कशाची तक्रार केली नाही. आखाजीपर्यंत हात उचलता यायला हवा, एवढंच त्या म्हणाल्या.

याच सुमारास प्रेमराजनानांच्या मोबाइलवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, एक निरोप आला. 'घरच्या घरी इन्फ्रारेड उष्णता घ्या, लसिका संस्थेला बळ द्या, सूज पळवा.' नाना म्हणजे अक्कांचे यजमान. धरणगावच्या एका शिक्षण संस्थेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होते.

"ही लसिका संस्था कुठली?" त्यांनी अक्कांना विचारलं. "चेअरमन कोण आहेत?"

"मला काय ठाऊक. तुमच्या ओळखीची असेल."

"आपल्या जिल्ह्यातली वाटत नाही."

पुढच्या ओळी वाचल्यावर त्यांना उलगडलं, की ही शरीरातली संस्था आहे, अंगातलं पाणी वाहून नेते आणि ती बंद पडली की सूज येते. अनुदान थांबलेल्या संस्था त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे ते लगेच पटलं. त्याच दुपारी त्यांनी मला माळ्यावरून उतरवलं आणि धोतराच्या जुन्या फडक्याने पुसलं. खोक्यात घडी घातलेला कागद होता. नाना कागद वाचल्याशिवाय कशालाही हात लावत नसत. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. चौथ्या सूचनेशी ते थांबले.

"'बधिर असल्यास वापरू नये.'" त्यांनी चष्म्यावरून अक्कांकडे पाहिलं. "तुला ऐकू येतं ना नीट?"

"तुमचं सगळं ऐकू येतं. तेच तर."

"मग आपल्याला लागू नाही," नाना म्हणाले आणि त्या सूचनेपुढे पेन्सिलीने 'निरंक' असं लिहिलं. त्यांच्या संस्थेचं एक मूकबधिर विद्यालय होतं. त्याच्या फायली नानांनीच सांभाळल्या होत्या. बधिर शब्दाचा अर्थ त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिले आठ दिवस मी दीड हातावर होतो. सूज उतरली नाही. मग नानांना आबांचा नियम आठवला.

"लागतंय का?" नाना मला जवळ ओढत विचारायचे.

"माले काही वाटत नही."

"मग घेऊ अजून पुढे?"

"घ्या. आखाजी आली."

मी हातभर अंतरावर आलो, मग वीतभरावर आलो. चटका काही आला नाही. नाना शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचायचे, अक्का लसूण सोलायच्या. माझ्यासमोर दंडाची आतली बाजू रोज लाल होत होती. पण मित्रांनो, माझ्या उजेडात सगळंच लाल दिसतं. पेपरही लाल, लसूणही लाल. दिवा बंद केला की अक्का पदर ओढून घ्यायच्या. ऑपरेशन झाल्यापासून ती बाजू त्यांनी कुणाला दाखवली नव्हती, आणि नानांनीही कधी बघू दे म्हटलं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या सकाळी पुनम आली. आईला मिठी मारताना तिचा हात त्या दंडाला लागला आणि ओला झाला.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

तळहाताएवढा फोड होता. फुटलेला. अक्कांना तोपर्यंत पत्ता नव्हता. दुपारी थंडी वाजून ताप भरला, हात खांद्यापर्यंत तापला. पुनमने रिक्षा बोलावली आणि मलाही पिशवीत घातलं, डॉक्टरांना दाखवायला.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोडाकडे पाहिलं. अक्कांना म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा."

अक्कांनी डोळे मिटले. डॉक्टरबाई दंडाच्या आतून कापूस फिरवत राहिल्या. सगळे बघत होते. अक्का वाट बघत होत्या.

"सुरू करा ना," शेवटी अक्का म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी कापूस खाली ठेवला. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं की ऑपरेशनमध्ये तिथली नस जाते, कातडी बधिर होते. अशा सुजलेल्या हाताला साधी जखमही महागात पडते. जंतू पसरले आहेत, दाखल करावं लागेल, हात वाचेल असं धरून चालू. "या हाताला शेक द्या असं कुणी सांगितलं?"

नानांनी खिशातून माझ्या खोक्यातला कागद काढला आणि चौथ्या सूचनेवर बोट ठेवलं. "मी वाचलं होतं," ते म्हणाले. "मी कानाचं समजलो."

पुनम आईच्या उशाशी वाकली. "आई, तू वर्षभर आम्हाला सांगत होतीस, काही वाटत नाही म्हणून."

"मी खरं सांगत होते," अक्का म्हणाल्या. "धीर तुम्ही म्हणालात."

नऊ दिवस सलाईन चाललं. आखाजी हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर झाली. हात वाचला. सूज गेली नाही. ती राहील, काबूत ठेवता येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आता अक्का दिवसभर हातात घट्ट बाही घालतात, सांगितलेले व्यायाम करतात. मांडे त्यांनी सोडले. हे सांगतानाही त्या रडल्या नाहीत. मी कपाटावर आहे, माझी वायर माझ्याच मानेभोवती गुंडाळलेली आहे.

रोज संध्याकाळी नाना त्यांच्या हाताला हलकी मालीश करतात, दवाखान्यात शिकवली तशी, बोटांकडून खांद्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी बॉलपेन आणलं होतं. बधिर भाग कुठवर आहे त्याची खूण करून ठेवा, असं त्यांना सांगितलं होतं. अक्कांनी डोळे मिटले. नाना बोट सरकवत होते, थांबत होते.

"इथे?"

"नही."

"इथे?"

"नही."

खांद्याच्या अलीकडे अक्का म्हणाल्या, "आठे शे. तुमना हात गार शे." नानांनी तिथे निळी रेघ ओढली. ती वाकडी आली. एकतीस वर्षं रेघा मारलेल्या माणसाची एवढी वाकडी रेघ मी पाहिली नव्हती. पेन बाजूला ठेवून त्यांनी हात मात्र तिथेच राहू दिला, आणि अक्कांनी पदर ओढला नाही.

मित्रांनो, मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. दुखऱ्या कमरांची मी सेवा केली आहे, अजूनही करीन. पण ऑपरेशन झालेल्या, सुजलेल्या अंगावर मला लावायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ग्रुपवर नको. आणि कुणालाही शेक देण्यापूर्वी त्याला डोळे मिटायला सांगा, त्याच्या अंगावरून बोट फिरवा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. मला तापायला दोन मिनिटं लागतात. तेवढी तुम्हीही घ्या.