मुकादमाच्या गालावरचं गजकर्ण

साठ गाईंच्या त्या गोठ्यात मुकादमाचा धाक असा होता, की तो दारात आला की गप्पा आपोआप बंद पडत आणि झाडू जरा जोरात चालू लागत. बावीस वर्षं तो तिथे होता. जनावराला नंबराने हाक मारायची, नावाने नाही. जनावराचे लाड करायचे नाहीत, लाडावलेली गाय धार काढताना नखरे करते, हे त्याचं ठाम मत. ते तो दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

आणि हाच माणूस गेला महिनाभर सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन एक्केचाळीस नंबरच्या वासराला बाटलीने दूध पाजत होता.

वासराची आई वितानाच गेली होती. दुसरी कुठलीही गाय त्याला जवळ करेना. पहिल्या दिवशी मुकादमाने कर्तव्य म्हणून बाटली धरली. दुसऱ्या दिवशी वासराने दूध संपवून आपलं ओलं तोंड त्याच्या गालावर घासलं, आणि मुकादमाचं सगळं तत्त्वज्ञान तिथेच विरघळलं. मग काय, तो रोज त्याला मांडीशी घेऊन बसायचा, गोणपाटाने पुसायचा, खराऱ्याने अंग घासायचा आणि आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून त्याला 'बाळी' म्हणायचा. बाळीच्या डोळ्याभोवती राखाडी, खरबरीत चकंदळं दिसायला लागली तेव्हा त्याला वाटलं, भिंतीचा चुना लागला असेल. त्याने थोडं तेल चोळलं आणि विषय सोडून दिला.

मग त्याच्या स्वतःच्या गालावर, जबड्याच्या जरा वर, एक लाल गोल उठला. कडेने खवले, मधे खाज. मुलीने विचारलं तेव्हा दाढी करताना ब्लेड लागलं म्हणाला.

"ब्लेडने इतकं गोल कापतं का, बाबा?"

दुसऱ्या दिवसापासून मुकादमाने ऐन उन्हाळ्यात मफलर पार गालापर्यंत वर ओढून गुंडाळला आणि घसा धरलाय असं सगळ्यांना सांगून टाकलं.

पण गजकर्ण काही मफलर बघून थांबत नाही. आठवड्यातच सगळ्यात जुन्या गवळीबुवांच्या दंडावर तसलाच गोल उठला. मग वैरण टाकणाऱ्या वहिनींच्या मनगटावर. आणि मग झाडलोटीच्या बाईंच्या मानेवर. या बाई नव्या, कामावर लागून जेमतेम महिना झालेला. झालं, सगळ्यांनी मनातल्या मनात हिशोब मांडला आणि खापर त्यांच्यावर फुटलं. हिच्या येण्याआधी कुणाला काही नव्हतं, हिनेच कुठूनतरी आणलं. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त त्यांचा चहाचा कप फळीवरून खिडकीत गेला, आणि दुपारी डबे उघडले की त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच डबा घेऊन बाहेर टाकीजवळच्या पायरीवर जाऊन बसल्या.

मुकादमाने हे पाहिलं. मनात काहीतरी टोचलंही. पण बोलायला तोंड उघडावं तर मफलरचा विषय निघणार, म्हणून तो गप्प बसला.

मंगळवारी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. या खेपेला सुया-औषधांबरोबर त्यांच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा होता. गाईगुरांपासून माणसांना होणाऱ्या आजारांबद्दल गोठ्यात काम करणाऱ्यांना काय काय ठाऊक आहे, हे त्यांना विचारून घ्यायचं होतं. सगळ्यांना चाऱ्याच्या भाऱ्यांवर बसवून त्यांनी पहिला प्रश्न टाकला. गाईकडून माणसाला काय होऊ शकतं?

"लाथ बसू शकते," गवळीबुवा गंभीरपणे म्हणाले.

सगळे हसले, डॉक्टरीणबाईही हसल्या. पण पुढच्या प्रश्नांनाही उत्तरं त्याच वजनाची निघाली. गाभ टाकलेल्या गाईची घाण उघड्या हातांनी काढली तर महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप मागे लागू शकतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. गवळीबुवा तर चाळीस वर्षं धारोष्ण दूध थेट चरवीतून पीत आले होते. दूध उकळूनच प्यायचं, व्यालेल्या गाईची वार काढताना हातमोजे घालायचे, काम संपल्यावर कोपरापर्यंत साबण लावायचा, असं एकेक त्या समजावून सांगत होत्या. मधे मधे शंका विचारत होत्या त्या एकट्या झाडलोटीच्या बाई, सगळ्यांपासून चार हात दूर उभ्या राहून.

मग डॉक्टरीणबाईंनी एक चित्र वर धरलं. वासराचं तोंड, डोळ्यांभोवती राखाडी चकंदळं.

"हे गजकर्ण. वासराला होतं, आणि त्याला हात लावणाऱ्यालाही होतं. त्याचा खरारा, त्याला पुसलेलं फडकं, त्यावरूनही जातं. तुमच्यापैकी कुणाला आहे?"

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. वहिनी म्हणाल्याच, की यांच्यापासून आलंय. बाई शांतपणे म्हणाल्या, की त्या वासरांकडे कधी फिरकलेल्याच नाहीत, त्यांचं काम धारेच्या रांगेतलं.

मुकादमाला बाळीला पुसलेलं गोणपाट आठवलं. ते तो रोज झाडूच्या खोलीतल्या खुंटीला अडकवायचा. त्याच खुंटीला बाईंची ओढणी असायची. आणि खरारा तर तो तसाच मोठ्या गाईंच्या खराऱ्यांत टाकून द्यायचा. म्हणजे बुवा, वहिनी, बाई, सगळ्यांपर्यंत ते त्याच्याच हातून पोचलं होतं.

तो उठला. मफलर सोडायला त्याला जरा वेळ लागला, गाठ बसली होती.

"यांनी नाही आणलं," तो म्हणाला. "मी आणलं. एक्केचाळीसपासून."

गालावरचा गोल आता चांगला रुपयाच्या नाण्याएवढा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की गालावर कसं काय आलं, हातावर यायला हवं. मुकादम मफलरची घडी घालू लागला. मग त्या वासरू बघायला निघाल्या, मागोमाग सगळे. कुंपणाशी पोचतात तोच बाळी धावत आली, सगळ्यांना सोडून मुकादमाच्या शर्टाचं टोक तोंडात धरलं आणि चोखू लागली.

"नुसता नंबर असून बरीच ओळख देते," गवळीबुवा म्हणाले. मग जे हसू फुटलं ते आवरेना. बावीस वर्षांत मुकादमाला कुणी तोंडावर हसलं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता, पण उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

मग तो बाईंकडे वळला. सगळ्यांसमोरच.

"ताई, मला आधीच बोलायला हवं होतं. माझं चुकलं."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "चुकलंच," त्या म्हणाल्या. "कप आत आणून ठेवा आता."

कप मुकादमाने स्वतः घासून फळीवर ठेवला. वहिनींनी दुपारी काही न बोलता आपला डबा बाईंच्या डब्याशेजारी उघडला आणि अर्धी भाजी तिकडे वाढली.

बाळी कोपऱ्यातल्या वेगळ्या जागेत गेली, तिचा खरारा वेगळा झाला, नळापाशी साबण आला, हातमोज्यांची खोकी आली. गवळीबुवा कुरकुरत का होईना, दूध उकळून पिऊ लागले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं सगळ्यात नीट ध्यानात ठेवलं होतं ते बाईंनी, म्हणून बाळीला मलम लावायचं काम त्यांच्याकडे आलं. घरी मुलगी रोज संध्याकाळी बापाची हनुवटी धरून मलम लावायची आणि प्रत्येक वेळी ब्लेडची चौकशी करायची.

दोनेक महिन्यांनी बाळीच्या डोळ्यांभोवती नवे केस उगवले. एका सकाळी मुकादम हातमोजे घालून दुधाची बाटली घेऊन गेला, तर ती गव्हाणीत तोंड घालून हिरवा चारा खात होती. त्याने दोनदा हाक मारली, नावाने आणि मोठ्याने. तिने कान तेवढा हलवला.

भरली बाटली घेऊन तो तसाच उभा राहिला. मागून बाई आल्या. पलीकडच्या कप्प्यात कालच जन्मलेलं एक मरतुकडं वासरू आहे, आईला दूध कमी आहे, असं त्यांनी सांगितलं.

मुकादम लगबगीने निघाला.

"आधी हातमोजे बदला," बाई म्हणाल्या, आणि तो मुकाट्याने नळाकडे वळला.