ग्रीसच्या डब्यातलं अंगण

विसरवाडीला हायवेवर नानांचं, माझ्या वडिलांचं, पंक्चरचं दुकान आणि मागे आमचं घर. डिसेंबरात त्यांच्याच दुकानातला ग्रीसचा रिकामा डबा मी घासून घेतला, सुईने बारीक भोक पाडलं, आत फोटोचा कागद बसवला आणि अंगणातल्या खांबाला तारेने आवळला. फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमासाठी तो माझा प्रकल्प होता. असा कॅमेरा सहा महिने एकाच दृश्याकडे बघत राहतो. सूर्य रोज थोडा वर सरकतो, त्याची एकेक रेघ कागदावर उमटते.

त्याच हिवाळ्यात नानांची मूत्रपिंडं थकली. ज्या दिवशी डायलिसिसला नंदुरबारला न्यायचं नसे, त्या दिवशी ते भिंतीजवळ खाटेवर बसून राहत, डब्याच्या बरोबर समोर, केस विंचरून.

"आज तरी उनू का व मी डब्बामा?"

"नाना, जे हालस ते येत नही."

"मंग यमले सांगजो, फोटो चालू शे, नंतर ये."

आई आतून ओरडायची, "काही तरी बोलतस." नाना हसायचे आणि मग खरंच बराच वेळ न हलता बसायचे. मी सुटी संपवून पुण्याला परत गेले, तरी ते तसेच बसत, असं आई फोनवर सांगायची.

मे महिन्यात नाना गेले. जूनमध्ये मी डबा काढला.

कागद अंधारातच काळ्या पाकिटात घातला. कॉलेजमध्ये एकदाच स्कॅन केला. आकाशात सूर्याच्या रेघा, ढगांच्या दिवशी तुटलेल्या. खाली निंब, भिंत, दुकानाचा पत्रा. अंगण रिकामं. प्रदर्शनात सर त्यासमोर थांबले. म्हणाले, "इतके महिने, आणि एकही माणूस नाही. ही शांतता तुला कशी सुचली?" लोक मागे सरकून, मान कलती करून बघत होते. मी मात्र पुण्यातल्या खोलीवर नेलेल्या प्रिंटवर भिंग धरून भिंतीजवळची जागा पुन्हा पुन्हा तपासली होती. भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीने असं करू नये. नानांच्या अंगावरून आलेला प्रकाश त्या कागदावर पडला होता, हे नक्की. तो पुरेसा नव्हता, हेही नक्की. खाट एका जागी राहिली असती तर निदान तिचा आकार आला असता. पण आई दिवसभर सावलीबरोबर खाट सरकवायची.

दिवाळीत मी प्रिंट घरी आणली. आईने ती मांडीवर घेतली, बराच वेळ बघितली.

"तुन्हा बाप कोठे शे यामा?"

"दिसत नाहीत गं. हलणारं येत नाही."

"तुन्हा बाप कोठे हालेत? तुन्हा डब्बासाठी घोटभर पाणीसुद्धा नही पेत." तिने प्रिंट बाजूला ठेवली. "कम्प्युटरनी काढी टाका व्हई. असल कागद दखाड."

मी सांगितलं की तो कागद उजेडात काळा पडतो, बघितला की संपतो. तिने फक्त हात पुढे केला. मी सोबत आणलेल्या काळ्या पाकिटातून कागद काढून तिला दिला. खाटेचं मी काही बोलले नाही.

ती अंगणात गेली, कागद उन्हात धरला. मूळ कागद उलटा असतो, सूर्याच्या रेघा काळ्या, सावल्या फिकट. तिला त्यातलं काही ओळखू येईना. "खाट कोठे?" मी भिंतीजवळची जागा दाखवली. तिने तिथे अंगठा टेकवला आणि उरलेल्या कागदात शोधत राहिली. मी बाजूला उभी राहून बघत होते. आधी आकाश तपकिरी झालं, मग निंब त्यात बुडाला, मग रेघा.

शेवटी तिने अंगठा उचलला. सगळा कागद काळपट झाला होता आणि भिंतीजवळ, अंगठ्याखाली ऊन पोचलं नव्हतं तेवढं, एक लांबट फिकट रूप उरलं होतं. वरून गोल, खाली जरा रुंद.

"हाई दख," आई म्हणाली. "आठे बठेल शे."

मी "हो" म्हटलं.

तेही आता उन्हात होतं. मी पाकीट उघडून कागद मागितला. तिने दिला नाही. "थांब ना व," ती म्हणाली, "आते तं दिसतस."