जिभेचं वळण

"पाणी? उशी? उशी वर करू?" नेलिदा एकेक वस्तू उचलून दाखवत होती आणि दवाखान्यातल्या खाटेवरची तिची आई फोर्तुनाता प्रत्येक वस्तूला मान हलवून नको म्हणत होती. मग म्हातारीनं तोंड उघडलं आणि घशातून, टाळूतून फुटणाऱ्या शब्दांची एक लांबलचक ओळ सोडली. नेलिदाला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"परवापासून हे असंच चाललंय," ती डॉक्टरांना म्हणाली. "स्पॅनिश बोलतच नाही. मुद्दाम करते का हो?"

"मुद्दाम कशाला करतील? झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आलाय. मागाहून शिकलेली भाषा कधीकधी आधी जाते, लहानपणची तेवढी राहते." डॉक्टरांनी कागदावरची नजर उचलली. "घरात डोंगराकडची क्वेचुआ बोलत असालच की तुम्ही."

"नाही," नेलिदा म्हणाली. "आमच्या घरात ती बंद होती."

बंद केली होती ती फोर्तुनातानंच. नवरा गेल्यावर पाच वर्षांच्या पोरीला पाठीशी बांधून ती डोंगरावरच्या गावातून आरेकिपा शहरात उतरली आणि बाजारात चीज विकायला बसली. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीला बसायला टेबल नाही असं दिसलं, म्हणून तिनं बाईंकडे एक 'मेसा' मागितला. पण तिच्या भाषेत ए आणि इ वेगळे नव्हतेच. तोंडून 'मिसा' बाहेर पडलं.

"मिसा हवी तर देवळात जा ना बाई. पाद्री आहेत तिथं प्रार्थना म्हणायला," शिक्षिका म्हणाली. वर्गातले सगळे आईबाप खो खो हसले. पोरंही हसली. नेलिदाही हसली, कारण सगळे हसत होते.

घरी ताटात बटाटे वाढताना फोर्तुनाता म्हणाली, "आजपास्नं या घरात आपली भाषा कुत्र्याशीबी बोलायची न्हाई."

घरमालकीण दोन्या रेमेदियोस शुद्ध स्पॅनिश बोलायची. तिनं जिभेला वळण लागावं म्हणून एक ओळ रचून दिली: 'पेपे पिसा एल पेसो, पेपा पेसा एल पिसो.' पेपे वजनावर पाय देतो, पेपा जमीन तोलते. अर्थाला ना बूड ना शेंडा. पण रोज सकाळी वेण्या घातल्या की वीस वेळा ती ओळ म्हणायची. फोर्तुनाताच्या कानाला ए-इ मधला फरक कळतच नव्हता, म्हणून ती पोरीच्या समोर बसून ओठ बघायची. ए ला हनुवटी खाली पडते, इ ला ओठ ताणतात. ओठ चुकले की लाकडी डाव बोटांच्या पेरांवर बसायचा.

"पुन्हा."

"आई, तू म्हणून दाखव ना."

"मला हसले तेवढं बास झालं. पुन्हा."

झोपेत पोर जुन्या भाषेत बरळली तर ती तिला हलवून जागं करायची. दोन-तीन वर्षांत बरळणंही थांबलं.

त्या जिभेनं नेलिदाला बस टर्मिनलवर नोकरी मिळवून दिली. बावीस वर्षं ती काचेच्या खोलीतून गाड्यांची नावं पुकारत होती आणि गावोगावचे लोक म्हणायचे, या बाईचं कसं स्वच्छ ऐकू येतं. चीज लवकर संपलं की फोर्तुनाता गाठोडं मांडीवर घेऊन तिथल्या बाकावर येऊन बसायची. पहारेकरी विचारायचा, "आजी, कुठल्या गाडीनं जायचंय?"

"कुठं न्हाई रं बाबा. ती वर बोलतीया न्हवं, ती माझी लेक हाय."

वॉर्ड पुसणारी इलारिया डोंगराकडची होती. तिसऱ्या दिवशी नेलिदानं तिला खाटेपाशी बोलावलं. म्हातारी तिच्याशी बराच वेळ बोलली. चेहरा अगदी मोकळा झाला होता.

"काय म्हणते?"

इलारिया फडकं पिळत राहिली. "असंच आपलं."

"सांग ना गं. काहीही असू दे."

"म्हणतायत, ही बाई मायाळू आहे. रात्रंदिवस इथंच बसते. पण शहरातली आहे, तिचं बोलणं मला कळत नाही. कुणीतरी माझ्या मुलीला बोलवा."

नेलिदानं खाटेचा गज धरला. तिनं विचारलं, "मी तुझी मुलगी, हे कसं म्हणायचं?"

इलारियानं शिकवलं. नेलिदानं ते शब्द दहा वेळा पुटपुटून पाहिले आणि मग आईवर वाकून म्हटले. फोर्तुनाता तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं एक बोट वर करून ते ओठ चाचपले आणि ती रडायला लागली. ओळखलं म्हणून की ओळखलं नाही म्हणून, ते विचारावं तर इलारिया तोवर पुढच्या वॉर्डात गेली होती.

चौथ्या दिवशी इलारियाची सुट्टी होती. दुपारी फोर्तुनातानं लेकीची मान धरून तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानाला तोंड लावून एक शब्द सांगितला.

"तांता?" नेलिदानं विचारलं.

म्हातारीनं मान हलवली. अंहं. पुन्हा सांगितला.

"तांता."

अंहं. तिनं स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, पुन्हा कानाशी तोंड नेलं. नेलिदानं परत तेच म्हटलं. म्हातारीनं तिच्या बोटांच्या पेरांवर हळूच एक टिचकी मारली. शेवटी दमून तिनं डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मातीच्या वेळेला गावाकडून सेबास्तियाना मावशी आली. बाजारात दोघींची पथारी तीस वर्षं शेजारी शेजारी होती. सगळे पांगल्यावर स्वयंपाकघरात नेलिदानं तिला विचारलं, "मावशी, आई शेवटी 'तांता' म्हणाली. म्हणजे काय?"

"कुठलं तांता गं?"

"कुठलं म्हणजे?"

मावशीनं तिचा हात ओढून स्वतःच्या तोंडासमोर धरला. "हे बघ. तांता म्हंजे सगळी एका ठिकाणी जमल्याली. थांता म्हंजे फाटकं, इटून गेल्यालं." मग तिनं घसा आवळला आणि तोच शब्द मक्याची लाही फुटावी तसा फोडला. "आन् ह्यो, पाव. खायाचा पाव. आता तू म्हन, ती म्हनली तसं."

नेलिदानं म्हटलं.

"पुन्हा."

नेलिदानं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, घसा दुखेपर्यंत ताणून. मावशीचे डोळे भरून आले. "तुझ्या तोंडात तिन्ही एकच येत्यात, पोरी."

चुलीवरचं पाणी उकळून गेलं. मावशीनं उठून ते उतरवलं. "पावच मागत आसंल," ती पाठमोरीच म्हणाली. "भूक लागली आसंल. तसंच धर तू."

नेलिदाचं तिकडे लक्ष नव्हतं. मावशीनं तीन शब्द उच्चारले, त्यातल्या मधल्याच शब्दाला तिच्या तळहाताला वारा लागला होता. आता तोच हात कानाशी धरून ती बसून होती. त्या दुपारी आईचा श्वास कानाला लागला होता की नव्हता, ते ती आठवून पाहत होती.