रबरी पायांचा किडा

वैजयंताबाईंच्या घरात राखी कुणी कुणाला बांधत नाही, आणि तरी ते घर उभं राहिलं ते राखीच्याच जिवावर. जालन्याहून लग्न करून मीरा रोडच्या नया नगरला आल्या तेव्हापासून त्या घरी बसून राख्या करतात. दिवाळी सरली की कारखान्याच्या गोण्या दारात येऊन पडतात: मणी, जर, बारीक तार, चिनीलचा रंगीत लवदार दोरा. मग श्रावण येईपर्यंत पलंगावर, गॅसच्या ओट्यावर, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या बापूरावांच्या पेपरवर, सगळीकडे राख्याच राख्या. बापूराव म्हणायचे, "आपल्या घरात सण नाही, पण सणाचा कचरा बाराही महिने आहे."

त्याच तारेनं गेल्या वर्षी घात केला. तार कापताना एक तुकडा उडाला आणि थेट उजव्या डोळ्यात घुसला. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे माना हलवल्या. एकानं तर बापूरावांना बाजूला घेऊन सांगितलं, डोळा गेला असंच धरून चाला. पडद्याआडून वैजयंताबाईंनी ते ऐकलं, आणि घरी येऊन मुकाट्यानं राख्यांची गोणी पलंगाखाली ढकलली.

मग कुणीतरी डॉक्टर डाबऱ्यांचं नाव सांगितलं. अनिश डाबरे मूळचे वसईचे, दवाखाना मीरा रोडलाच. डोळा तपासून ते म्हणाले, "वचन देत नाही, ताई. पण सोडूनही देत नाही." दोनदा ऑपरेशन केलं. आणि पुढे कितीतरी दिवस, दवाखाना बंद करून घरी जाताना या माणसाचा फोन यायचा. "आज काय दिसलं?" आधी नुसता उजेड दिसला. मग खिडकीचे गज. मग एका सकाळी बापूरावांची न केलेली दाढी दिसली, आणि वैजयंताबाई इतक्या रडल्या की बापूराव घाबरून दाढी करायला उठले.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावलाच नाही. ड्रॉवरमधून एक चपटी डबी काढली, त्यातला एक काळपट किडा वैजयंताबाईंच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "डावा डोळा झाका. याला पाय किती?"

बाई आधी दचकल्या, मग निरखून बघत राहिल्या. किडा खोटा होता. गळाच्या दांड्यावर चिनील गुंडाळलेलं, आणि दोन्ही अंगांना रबराचे पाय. "सहा होते. एक तुटलाय. शिवाय शेपटाला दोन मिशा, तोंडाशी दोन. रबर कुजलंय, डॉक्टर, आणि डोक्याशी दोरा सुटत आलाय."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि मोठ्यानं हसले. एवढं बारीक दिसतंय म्हटल्यावर आणखी तपासायचं काय?

मग त्यांनीच सांगितलं. दरवर्षी ते हिमाचलात मासे धरायला जातात. तिथल्या थंड नद्यांत दगडांखाली स्टोनफ्लाय नावाचा किडा असतो. पंख फुटण्याआधी तो पाण्याच्या तळाशी रांगत असतो, आणि मासा त्यावर तुटून पडतो. हा त्याचाच पुतळा, तिथल्या एका म्हाताऱ्यानं बांधलेला. म्हातारा आता नाही, आणि दुकानातले किडे दोन फेकीत उसवतात.

"म्हणजे मासे मारायचे?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"धरायचे आणि सोडायचे. हे बघा, गळाचा काटा चेपलेला आहे. मासा झटकून टाकू शकतो."

धरून सोडायचा तर धरायचा कशाला, हे काही बाईंना कळलं नाही. पण दुसरंच एक कळलं. इतके दिवस त्या या माणसाला काहीतरी द्यायला बघत होत्या. पेढे दिले, ते त्यांनी तिथल्या तिथे नर्सना वाटले. शाल दिली, ती टेबलाच्या कोपऱ्यावर पडून राहिली. काही म्हटलं की एकच उत्तर, "ते माझं कामच आहे, ताई." गेलेला डोळा ज्यानं परत दिला, त्याच्यापर्यंत आपलं काहीच पोचू नये, याचं त्यांना आत कुठेतरी फार लागून राहिलं होतं. त्या दिवशी त्या किडा नमुन्याला आणि तसेच काटा चेपलेले दोन कोरे गळ मागून घेऊन आल्या.

गोणी पलंगाखालून बाहेर आली. काळं आणि तपकिरी चिनील त्यात होतंच. गळ पक्कडीत धरला, पक्कड ओट्याच्या कडेला करकचून बांधली, दांड्याला वजनासाठी तार गुंडाळली. ज्या तारेनं डोळा नेला होता तीच तार हातात घेताना बोटं क्षणभर थबकली, मग चालायला लागली. रबर कुठून आणायचं हा प्रश्न बापूरावांच्या नव्या पायजम्यानं सोडवला. त्याचं इलॅस्टिक उसवलं तर आत हवे तसे बारीक धागे निघाले.

"मासे धरणार डॉक्टर, आणि पायजमा सुटणार माझा," बापूराव म्हणाले. "आणि पंचशील घेतलेली बाई गळ बांधतेय!"

"सुकट भाजली की शील आठवत नाही ते तुम्हाला? आणि हा गळ मारायचा नाहीये."

पहिला किडा झाला तो असा देखणा, की मधोमध सोनेरी जर आणि दोन्हीकडचे पाय मोजून सारखे. बापूरावांनी चष्मा लावून पाहिला. "हा किडा आहे का नवरदेव?" वैजयंताबाईंना हसू आवरेना. इतक्या वर्षांचा राखीचा हात, तो सजवणारच. जर काढली, चिनील बदललं, अंग ओबडधोबड केलं. बादलीत सोडून बघितला, तर पाय झाडूच्या काड्यांसारखे ताठ. दोरा फार आवळला होता. एक वेढा सोडला, पुन्हा बुडवला आणि दोरा हळूच हलवला. पाय उघडले, मिटले, पुन्हा उघडले. बाथरूममध्ये बादलीवर वाकलेल्या त्या दोघांनी एकदमच श्वास रोखला. बापूरावांनी तर हात मागे घेतला.

डॉक्टरांना किडा फार आवडला. पुन्हापुन्हा उजेडात धरून पाहिला. "ताई, म्हाताऱ्याच्या तोडीचा आहे," म्हणाले. वैजयंताबाई घरी आल्या त्या तरंगतच.

पुढच्या महिन्यात थेंबांची चिठ्ठी घ्यायला गेल्या, आणि दारातच थांबल्या. डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर काचेची छोटी पेटी होती, आत दिवा, आणि दिव्याखाली त्यांचा किडा. येणारा जाणारा पेशंट बघून वाहवा करत होता. दुसरं कुणी असतं तर हरखून गेलं असतं. वैजयंताबाईंचा चेहरा पडला.

"काय झालं? डोळा दुखतोय?" डॉक्टरांनी लगेच विचारलं.

"डोळा ठीक आहे." त्यांनी पेटीकडे बोट केलं. मग राहवेना. "डॉक्टर, आमच्या धंद्यात सण झाल्यावर काचेत राहिलेली राखी म्हणजे कुणी न बांधलेली राखी. उरलेला माल. मी तुम्हाला उरलेला माल नव्हता दिला."

डॉक्टर गोंधळले. "अहो, मान म्हणून ठेवलाय. पाण्यात टाकला तर पहिल्याच दगडाला अडकून जाईल. तुमच्या त्या डोळ्यानं केलेलं पहिलं काम आहे हे!"

"म्हणूनच. तुम्ही डोळा दिलात तो काय काचेत ठेवायला?"

डॉक्टरांनी पेटी उघडली.

हिमाचल लांब होतं, पण वरसाव्याची खाडी दारात होती. रविवारी सकाळी खाडीवरच्या पुलापासून थोडं दूर, काठावरच्या काळ्या दगडांवर तिघं जाऊन उभे राहिले. डॉक्टर, वैजयंताबाई, आणि "बघू तरी" म्हणत आलेले बापूराव. खारी गावचा उत्तम तिथे जाळं झाडत बसला होता. डॉक्टरांशी त्याची जुनी ओळख. त्यानं किडा बोटांत धरून पाहिला.

"असला किडा आपले खाडीत न्हाय, डाक्टर. पन खेकड्याचं पोर समजून खाईल कोनतरी."

डॉक्टरांनी लांब छडी डोक्यामागे नेली, दोर हवेत उलगडला आणि किडा पाण्यात जाऊन पडला. ते छान फेकत होते. पण वैजयंताबाई बघत होत्या, फेकी सगळ्या उघड्या, मोकळ्या पाण्यात. किडा बुडतोय न बुडतोय तोच डॉक्टर त्याला वर ओढत होते. परत आला की बोटांनी चाचपत होते, धागा सुटला का, पाय तुटला का.

"तिथं काय न्हाय," उत्तम म्हणाला. "मासा त्या दगडांत हाय."

"तिथे कालवं आहेत. शिंपल्याची धार दोर कापेल," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर," वैजयंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझा डोळा कापताना एवढे घाबरला होतात?"

"होय," ते पटकन बोलून गेले. "याच्यापेक्षा जास्त."

"तरी कापलात ना?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, वळले, आणि किडा थेट दोन काळ्या दगडांच्या फटीत टाकला. या वेळी त्याला तळापर्यंत जाऊ दिलं. बोटांनी दोर जरासा हलवला, थांबले, पुन्हा हलवला. खाली गढूळ पाण्यात आपण बांधलेले पाय उघडत असतील, मिटत असतील, असं वैजयंताबाईंच्या मनात आलं, आणि तेवढ्यात छडी वाकली.

"तांब हाय!" उत्तम ओरडत उठला.

दोर सूं करत पळाला. डॉक्टर दगडावरून घसरता घसरता सावरले, बापूराव त्यांचा सदरा मागून धरून उभे राहिले. लालसर तांबूस पाठ एकदा पाण्यावर चमकली आणि दगडाखाली शिरली. दोर ताठ झाला, थरथरला, आणि एकाएकी सैल पडला.

डॉक्टरांनी दोर ओढून घेतला. टोक कापलेलं होतं. ते त्या टोकाकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की बापूरावांना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

"गेला, ताई. मला माफ करा."

"माशाच्या तोंडात अडकून नाही ना राहणार?"

"नाही, काटा चेपलेला आहे. झटकून टाकेल तो."

"मग झालं तर!" वैजयंताबाई हसायला लागल्या. हसता हसता दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "त्यानं खरा समजून धरला, डॉक्टर! पाहिलंत ना? खरा समजला तो!"

"चोळू नका डोळा," डॉक्टर सवयीनं म्हणाले. मग कापलेलं टोक बोटाला गुंडाळू लागले. काहीतरी बोलायचं होतं, आणि सवय नसलेल्या माणसासारखे ते अडखळले.

"ताई, मला अजून एक पाहिजे. बांधून द्याल?"

इतक्या महिन्यांत या माणसानं त्यांच्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच. वैजयंताबाईंनी पदरानं हात पुसले, जणू काम आत्ताच सुरू करायचं होतं. त्या म्हणाल्या, "देते की. मागा तुम्ही. मागत राहा."