निनिंगला मानवणारं औषध

"केळ्यात घालून दे गं, कळायचंसुद्धा नाही तिला," बासिलिया दुकानाच्या जाळीआडून लेकीला म्हणाली आणि कॅप्सूल उघडून अर्धी भुकटी केळ्यात चेपली.

रोसेलची चार वर्षांची निनिंग पुन्हा तापली होती. शू करताना किंचाळत होती.

"आई, मागच्या खेपेलाही हेच दिलं होतंस," रोसेल कुरकुरली.

"मग? उतरला ना ताप? मानवतं तिला. उतरला की बंद करायचं, उरलेलं पुढच्या खेपेला. टाकायचं कशाला?"

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या कोळीवाड्यात बासिलियाच्या फळीवर साबण, सुकी मासळी आणि अँटिबायोटिकच्या सुट्या कॅप्सूल शेजारीशेजारी नांदत. झुंजीत पोट फाटून मेलेल्या कोंबड्यावर तिने एकदा हीच भुकटी भुरभुरली. कोंबडा उठला, त्याने आपल्याला मारणाऱ्या कोंबड्याला लोळवलं, मालकाच्या ताटातला भात टिपला आणि मगच पुन्हा मेला. खोटं वाटतं? वाड्यात विचारा. तिथे तर म्हणतात, तो मेलाच नाही.

या खेपेला मात्र ताप हटेना. निनिंगला शहरातल्या इस्पितळात नेलं.

"आधी काही औषध दिलंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आठवून सांगा, त्यावर इंजेक्शन ठरतं."

रोसेलने आईकडे पाहिलं. शेजारच्या खाटेपाशी वाड्यातल्याच दोघी कान टवकारून बसलेल्या.

"छे! गोळीला हात लावत नाही आमच्यात कुणी," बासिलिया म्हणाली.

नेहमीचं इंजेक्शन सुरू झालं. जंतूंनी त्याला भीक घातली नाही. लघवीच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेलाच टेकल्या.

"आजी, साधी औषधं या जंतूंच्या अंगवळणी पडलीत. खरं सांगितलं असतंत, तर पहिल्यापासूनच दुसरं दिलं असतं. आता जंतू रक्तात उतरलेत."

ते दुसरंही दिलं. निनिंग त्याच्यासाठी थांबली नाही.

मयताच्या प्रार्थना आटोपल्यावर दुकान उघडलं. पहिलीच आली शेजारची दोलोर, तापलेलं पोर कडेवर घेऊन.

"नांग बासिलिया, एक सुटी कॅप्सूल द्या. मूतताना कळवळतंय हो."

"नाही. इस्पितळात ने."

"वा हो वा! नात गेली तुमची, आणि राग आमच्या पोरांवर?" दोलोर तरातरा समोरच्या दुकानाकडे निघाली.

बासिलिया दुकान उघडं टाकून अनवाणीच मागे धावली. भर रस्त्यात, बिंगो खेळणाऱ्या साऱ्या बायकांदेखत ओरडली, "दोलोर, घेऊ नकोस! अगं, निनिंगला मीच दिल्या होत्या त्या. डॉक्टरणीशी खोटं बोलले मी."

दोलोरने पोर छातीशी घट्ट धरलं. समोरच्या दुकानाच्या खिडकीतून बाहेर आलेला हात कॅप्सूलसकट तसाच अधांतरी राहिला.