तळहाताची खूण

बर्नाडीनने चष्मा वर सरकवला आणि लॅपटॉपला जवळजवळ नाक लावलं. कसोटी म्हणून ब्रोकरकडे भरलेले पाचशे डॉलर तिने कालच परत मागितले होते. आज ते बँकेत हजर.

"आले ना?" धाकटा भाऊ कॅझिमिर म्हणाला. "आता तरी पटलं?"

"फार लवकर आले."

"आणि उशिरा आले असते तर?"

"तरी मला संशयच आला असता."

कॅझिमिरने चौतीस वर्षं शिकागोच्या बसेस चालवल्या होत्या. त्यातून साठलेली सगळी पुंजी आज दुपारी बाराच्या आत या ऑनलाइन ब्रोकरकडे भरली, तर वर दहा टक्के बोनस होता. शेअर, चलन, सोनं, मका, सगळं एकाच पडद्यावर. छापून आणलेल्या अर्जावर सही तेवढी बाकी होती. पण ताईने हो म्हटल्याशिवाय हा गडी मोजेसुद्धा घेत नसे.

ताईने मक्याच्या सौद्यांत एकतीस वर्षं काढली होती, तीही पिटमध्ये, म्हणजे बाजारातल्या सौद्यांच्या रिंगणात, उभ्याने. तिथे कल्ला असा, की एकदा ओरडता ओरडता एकाची कवळी उडाली आणि खाली पडेपर्यंत तीनदा विकली गेली. हे ती शपथेवर सांगायची. बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सौदे हातांनी व्हायचे. तळहात स्वतःकडे, म्हणजे घ्यायचं. तळहात समोर, म्हणजे विकायचं, टाकून मोकळं व्हायचं. पिट बंद पडलं, सवय गेली नाही. बेकरीत ती अजून तोंड न उघडता डोनट घ्यायची.

अकरा वाजता ब्रोकरचा माणूस व्हिडिओवर आला. नाव डग. पांढरे केस, कडक टाय आणि आवाज खरवडलेल्या कढईसारखा. थेट बर्नाडीनसारखाच. तिने कान टवकारले.

"मॅडम, कमिशन शून्य! हा कॉल तुमच्या सुरक्षेसाठी रेकॉर्ड होतोय हं."

"माझ्या की तुमच्या?"

डग हसला.

"मोठी रक्कम काढायची झाली तर?"

"थोडी कागदपत्रं लागतात."

"पाचशेला नाही लागली ती."

"पाचशेला कोण विचारतं, मॅडम!"

"आवाज कुठे घालवलास रे?"

तो जरा थबकला. "सोयाबीनच्या पिटमध्ये. सतरा वर्षं."

"म्हणजे आमच्या शेजारचे चोर!"

"तुम्ही मक्यातले डाकू वाटतं?"

"बघ ताई, तुझाच माणूस निघाला!" कॅझिमिरने खुशीत पेनचं टोपण काढलं.

बर्नाडीनने हात छातीशी नेला. तळहात स्वतःकडे, भुवया वर.

"अगदी निर्धास्त राहा," डग सांगत होता. "सख्ख्या बहिणीलाही मी हेच सांगितलं असतं." बोलता बोलता त्याने केस सारखे केले. हात खाली येताना कानाशी थांबला. तळहात कॅमेऱ्याकडे. एक क्षण, दोन क्षण. मग तो पुन्हा बोनसचं गुणगान गाऊ लागला.

बर्नाडीनने एकदाच मान हलवली, पूर्वी सौदा पक्का झाल्यावर हलवायची तशी.

कॉल संपला. पडद्यावर पाच चांदण्या उमटल्या: आमच्या प्रतिनिधीची सेवा कशी वाटली?

तिने पाचही चांदण्या भरल्या. खाली एका बोटाने सावकाश टाइप केलं: फार गोड बोलतो.

"मग करू ना सही?" कॅझिमिरने विचारलं.

तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण घट्ट बसवलं.